गाडीचे रूप कोठून येते?



मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. काही वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी भर पावसात माझ्याकडे आला. त्याने वडिलांच्या मागे लागून एक जुनी मोटारसायकल घेतली होती. तालुक्याच्या गावी नेऊन तिचे मागचे मडगार्ड काढून टाकले, सीट अर्धी केली, आणि ती अर्धी सीट शोभून दिसावी म्हणून गाडीच्या सांगाड्याचे शेपूटच कापले. सांगाडा म्हणजे गॅरेजवाले ज्याला चासी म्हणतात तो. कापल्या जागी एक वाकवलेली नळी वेल्डिंगने चिकटवून घेतली. गाडी मोठी झोकदार दिसू लागली. पुढे एका बाजाराच्या दिवशी आईला मागे बसवून तो निघाला. वाटेत खड्ड्यात गाडी आदळली, जोड सुटला, आणि आईचा हात मोडला.

हात यथावकाश बरा झाला. पण पोराच्या मनाला लागले ते लागलेच. तो म्हणाला, “सर, इटलीत लोक गाड्या कापतात, जोडतात, पाहिजे तशा घडवतात. जगभर त्यांचं कौतुक होतं. मग माझीच का मोडली?”

प्रश्न चांगला होता. त्या वेळी मी दिलेले उत्तर मात्र अपुरे होते. ते आज पुरे करण्याचा विचार आहे. त्यासाठी आपल्याला जरा लांब, इटली देशात जावे लागेल.

प्रथम, सांगून घडवलेली गाडी म्हणजे काय ते पाहू. पूर्वी गावचा सुतार बैलगाडी करी, तेव्हा एका साच्यातून शंभर गाड्या काढीत नसे. बैल केवढे, वाट कसली, ओझे कशाचे, हे पाहून तो गाडी बेतीत असे. म्हणून प्रत्येक गाडी निराळी दिसे. परंतु निराळी दिसावी म्हणून ती निराळी केलेली नसे, बरं का! गरज निराळी, म्हणून रूप निराळे. इटालियन भाषेत अशा खास घडवलेल्या गाडीला ‘फुओरीसेरिए’ म्हणतात, म्हणजे मालिकेबाहेरची. कारखान्याच्या ओळीत न बसणारी. ही मालिकेबाहेरची गाडी इटलीत कशी जन्मली आणि तिचे रूप कोणी ठरवले, हा आजचा विषय आहे.

आता गंमत पाहा. इटलीतला मोटारसायकलींचा एक नामांकित कारखाना आपल्या या रेडिओचाच सोयरा आहे. १९२६ साली बोलोन्या शहरात दुकाती नावाच्या घराण्याने एक कंपनी काढली, ती रेडिओचे सुटे भाग करण्यासाठी. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, तिच्या कारखान्यावर बाँब पडले आणि इमारती जमीनदोस्त झाल्या. युद्ध संपले तेव्हा देशात पेट्रोलची टंचाई, रस्ते उखडलेले, आणि लोकांच्या खिशात पैसा नाही. कामाला तर जायलाच पाहिजे. अशा वेळी, १९४६ साली, या कारखान्याने सायकलीला बसवायचे एक लहानसे इंजिन विकायला काढले. अवघे ४८ सीसीचे. त्याचे नाव ‘कुच्चोलो’, म्हणजे कुत्र्याचे पिल्लू. कारण त्याचा आवाज पिल्लाच्या भुंकण्यासारखा येई. आजच्या डौलदार दुकाती गाड्यांचा मूळपुरुष हा असा सायकलीला बांधलेला होता.

त्याच वर्षी इटलीत आणखी एक वाहन जन्माला आले. ते मात्र आपल्यापैकी पुष्कळांनी चालवले आहे. पोन्तेदेरा गावी प्याज्जो कंपनीचा विमानांचा कारखाना होता. तोही बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झाला. मालक एन्रिको प्याज्जो यांनी ठरवले की आता सामान्य माणसासाठी स्वस्त वाहन करायचे. ते काम त्यांनी कोर्रादिनो दास्कानिओ या अभियंत्यावर सोपवले. दास्कानिओ हे हेलिकॉप्टर आणि विमाने यांतले जाणकार. मोटारसायकल त्यांना मुळीच आवडत नसे. आणि, मंडळी, हाच त्यांचा मोठा गुण ठरला!

मोटारसायकलीचा भक्त असता तर त्याने जुन्याच गाडीला नवे रंग दिले असते. दास्कानिओंनी आधी तक्रारींची यादी केली. टांग टाकून बसावे लागते. चेनच्या तेलाने कपडे खराब होतात. चाक पंक्चर झाले तर काढताना घाम निघतो. मग त्यांनी एकेका तक्रारीला एकेक उत्तर शोधले. पाय सरळ ठेवून बसता यावे म्हणून मधली जागा मोकळी केली. इंजिन मागच्या चाकापाशी नेऊन पत्र्याच्या आत झाकले, आणि चेनच काढून टाकली. गिअर हातात दिला. निराळा सांगाडा न करता दाबून आकार दिलेला पत्राच सांगाड्याचे काम करील असे केले. ही युक्ती विमानाची. आणि पुढचे चाक दोन बाजूंनी चिमट्यात न धरता, विमानाच्या चाकासारखे एकाच बाजूने धरले, म्हणजे नट सोडले की चाक मोकळे. मागून रुंद, मध्ये बारीक, अशी ती आकृती पाहून मालक म्हणाले, ही तर गांधीलमाशी! इटालियन भाषेत गांधीलमाशीला म्हणतात ‘वेस्पा’. २३ एप्रिल १९४६ रोजी तिचे पेटंट नोंदवले गेले.

ही वेस्पा पुढे आपल्या दारी आली. १९६० साली बजाज कंपनीने प्याज्जोशी करार केला आणि पुण्याजवळ आकुर्डीला या स्कूटर तयार होऊ लागल्या. करार १९७१ साली संपला; त्यानंतर आली चेतक, पण रूप तेच. पुढे २०१२ पासून प्याज्जोने स्वतःच बारामतीला वेस्पा करायला घेतली. ज्या शिक्षकांनी चेतकवर नोकरी काढली, त्यांनी स्टेपनी बदलताना कधी ना कधी पाहिले असेल, चाक एकाच बाजूने निघते. मोटारसायकलीच्या मानाने किती सोपे! ही सोय म्हणजे दास्कानिओंच्या यादीतल्या एका तक्रारीचे उत्तर आहे. एका बाजूने धरलेले हे चाक लक्षात ठेवा. शेवटाकडे ते पुन्हा भेटणार आहे.

तर पहिला धडा हा, की जे रूप आपल्याला सुंदर वाटते ते मुळात एखाद्या अडचणीचे उत्तर असते.

परंतु उत्तर एका प्रश्नाचे बरोबर आणि दुसऱ्याचे चूक असेही होते. कोमो सरोवराच्या काठी मान्देल्लो गावी मोटो गुत्सी नावाचा कारखाना आहे. त्याची स्थापना १९२१ची. शर्यतीच्या गाड्यांना वारा कोठे अडतो हे पाहण्यासाठी त्यांनी १९५०च्या सुमारास कारखान्यातच वाऱ्याचा बोगदा बांधला. पूर्ण आकाराची गाडी, वर स्वार, आणि समोरून सोडलेला वारा. त्यातून त्यांना कळले की पुढच्या चाकासकट गाडी गोलसर टोपणाने झाकली तर ती वाऱ्यातून लोण्यात सुरी जावी तशी जाते. जूल्यो चेझारे कार्कानो यांनी केलेली आठ सिलिंडरची शर्यतीची गाडी असे टोपण घालून ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या घरात पोचली. हे १९५७ साली! दिसायलाही ती माशासारखी गुळगुळीत. पण समोरच्या वाऱ्याला फसवणारे ते टोपण बाजूच्या वाऱ्याला शिडासारखे सापडे आणि गाडी हातातून निसटू पाही. शेवटी १९५७च्या हंगामानंतर शर्यतींच्या जागतिक संघटनेने पुढचे चाक झाकणाऱ्या टोपणांवर बंदी घातली. बोगद्यात वारा एकाच दिशेने येतो. रस्त्यावर तो कोठूनही येतो. रूप ठरवताना एकच प्रश्न विचारून भागत नाही, हा दुसरा धडा.

आता त्याच कारखान्यातले एक निराळे उदाहरण सांगतो, कारण ते मला फार आवडते. १९६७ साली या कारखान्याने व्ही-सात नावाची दणकट गाडी आणली. तिचे दोन सिलिंडर बैलाच्या शिंगांसारखे दोन्ही बाजूंना फाकलेले. वीज तयार करणारा डायनामो इंजिनाच्या माथ्यावर, त्या दोन शिंगांच्या बरोबर मध्ये बसवलेला. त्यामुळे सांगाड्याची मधली नळी डायनामोच्या वरून न्यावी लागे. सांगाडा उंच, टाकी उंच, बसणाराही उंच. लांबच्या प्रवासाला गाडी छान, पण वळणावर जड.

लीनो तोन्ती नावाच्या अभियंत्याला हीच गाडी सडपातळ आणि चपळ करायची होती. रंगारी बोलावून ते होणार नव्हते. टाकीचा आकार बदलूनही होणार नव्हते. त्यांनी नेमकी अडचण हेरली, ती म्हणजे माथ्यावरचा डायनामो. तो काढला आणि त्याच्या जागी अल्टरनेटर घेऊन तो इंजिनाच्या पुढे, म्हणजे शिंगांच्या मधून उचलून बैलाच्या कपाळावर आणून बसवला. मधली वाट मोकळी झाली. सांगाड्याच्या सरळ नळ्या आता दोन शिंगांच्या मधून, खालून गेल्या. गाडी बसकी झाली, लांब दिसू लागली, वळणावर पाण्यासारखी वळू लागली. १९७१ साली ती व्ही-सात स्पोर्ट या नावाने निघाली. पहिल्या थोड्या गाड्यांचे सांगाडे लाल रंगवले होते आणि टाक्या पोपटी. लोक आजही त्या लाल सांगाड्याची आठवण काढतात. पण लाल रंग हा नुसता टिळा; खरे काम झाले ते डायनामोची जागा बदलल्याने. आणि तोन्तींचा तो सांगाडा इतका चांगला निघाला की कारखान्याने पुढे कित्येक वर्षे तो चालवला.

आता पुन्हा बोलोन्याला जाऊ. १९७२ साली एप्रिल महिन्यात इमोला गावी दोनशे मैलांची शर्यत झाली. दुकातीने तिच्यासाठी ७५० सीसीच्या खास गाड्या घडवल्या. मुख्य अभियंते फाबियो तालियोनी. पॉल स्मार्ट नावाच्या इंग्रज स्वाराने ती शर्यत जिंकली आणि दुसरा क्रमांकही दुकातीलाच मिळाला. या गाड्यांच्या टाक्या फायबरच्या होत्या, आणि टाकीच्या कडेला उभी एक पट्टी बिनरंगाची, आरपार दिसणारी ठेवली होती. कशासाठी? शर्यत लांबची. टाकीत पेट्रोल किती उरले ते झाकण न उघडता दिसावे म्हणून. रॉकेलच्या बाटलीवरून घरात रॉकेल किती उरले हे आपली आजी पाहत असे ना? तेच. पुढे १९७४ साली अशाच धर्तीच्या चारशेच्या आसपास गाड्या गिऱ्हाइकांसाठी काढल्या, तेव्हा ती पट्टी तशीच राहिली. आज त्या गाडीवर प्रेम करणारे लोक त्या पट्टीला दागिना समजतात. तो दागिना मुळात पेट्रोलचे माप होता.

श्रोतेहो, आता ज्याच्यासाठी ही सारी प्रस्तावना केली त्या माणसाकडे येतो. मास्सिमो ताम्बुरिनी यांचा जन्म समुद्रकाठच्या रिमिनी शहरात १९४३ साली झाला. त्यांच्याजवळ अभियांत्रिकीची पदवी नव्हती. १९६६ साली बिआंकी, मोर्री आणि ताम्बुरिनी या तिघांनी भागीदारीत धंदा काढला. तिघांच्या आडनावांची पहिली दोन दोन अक्षरे घेऊन नाव ठेवले ‘बिमोता’. धंदा कसला म्हणाल? इमारतींत गरम आणि थंड हवा खेळवणाऱ्या यंत्रणा बसवण्याचा. पत्रा आणि नळ्या यांच्याशी रोजची गाठ.

ताम्बुरिनींना मोटारसायकलींचे भारी वेड. १९७२ साली मिसानोच्या शर्यतीच्या रस्त्यावर ते जपानची होंडा ७५० चालवत असताना पडले आणि त्यांच्या बरगड्या मोडल्या. त्या काळी जपानी गाड्यांची इंजिने एकदम ताकदवान झाली होती. पण सांगाडे मात्र त्या ताकदीच्या मागे पडले होते. तरण्या खोंडाला जुनी, खिळखिळी गाडी जुंपावी तसे. खाटेवर पडल्या पडल्या ताम्बुरिनींनी विचार केला की इंजिन उत्तम आहे, चुकतो आहे तो सांगाडा. बरे झाल्यावर त्यांनी त्याच होंडाच्या इंजिनासाठी नवा सांगाडा स्वतः आखला आणि घडवला. इंजिन खाली आणले, वजन घटवले, नळ्या अशा जोडल्या की पुढचे आणि मागचे चाक एकमेकांच्या रेषेत घट्ट राहावे.

हीच बिमोताची पहिली मोटारसायकल. तिचे नाव एचबी-एक. होंडाचा एच, बिमोताचा बी. अशा जेमतेम दहा झाल्या. पुढे सुझुकी, कावासाकी, यामाहा, दुकाती, ज्या कंपनीचे इंजिन तिचे अक्षर आधी आणि बिमोताचे नंतर, अशी नावाची रीत पडली. इंजिन एकाचे आणि देह दुसऱ्याचा. आणि हे नुसते हौशी लोकांचे खेळणे नव्हते. १९८० साली दक्षिण आफ्रिकेचा जॉन एकेरोल्ड हा कारखान्याचा आश्रय नसलेला स्वार, यामाहाचे इंजिन घातलेल्या बिमोताच्या सांगाड्यावर ३५० सीसी गटाचा जगज्जेता झाला.

आता माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळा. दोघेही अपघात झालेले. ताम्बुरिनी आधी पडले, मग त्यांनी का पडलो हे शोधले, आणि त्या शोधातून गाडीचे रूप निघाले. माझ्या विद्यार्थ्याने रूप आधी ठरवले, ते चित्रात पाहून, आणि पडल्यावर कारण विचारायला आला. कापणे-जोडणे दोघांनीही केले. क्रम मात्र उलटा.

अशीच एक कथा आर्तुरो मान्यी यांची. एमव्ही आगुस्ता या कंपनीच्या शर्यतविभागाचे ते कित्येक वर्षे प्रमुख होते. १९७६ साली कंपनी शर्यतींतून बाहेर पडली. मान्यींनी सामाराते गावी स्वतःचे छोटे वर्कशॉप काढले. कंपनीच्या रस्त्यावरच्या चार सिलिंडरच्या गाड्यांत मागचे चाक चेनऐवजी लोखंडी दांड्याने, शाफ्टने फिरे. त्याचे वजन फार. मान्यींनी तो शाफ्ट काढून चेन बसवण्याचा संच तयार केला, हलके सांगाडे केले. त्या गाडीचे मागचे अंग एकदम सुटसुटीत झाले. पाहणाऱ्याला वाटे, काय सुंदर केली आहे! करणाऱ्याला ठाऊक असे, मी वजन कमी केले आहे.

पुढे १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत जपानी कारखान्यांनी स्वतःचेच सांगाडे सुधारले. १९८५ साली सुझुकीने अ‍ॅल्युमिनिअमच्या सांगाड्याची हलकी ७५० बाजारात आणली. मग दुप्पट-तिप्पट पैसे देऊन बिमोता कशाला घ्यायची? ज्या अडचणीवर हा धंदा उभा राहिला ती अडचणच सरली. बिमोताने १९९७ साली स्वतःचे इंजिन करून पाहिले. त्याची पेट्रोल पुरवणारी यंत्रणा नीट चालेना, विकलेल्या गाड्या परत घ्याव्या लागल्या, आणि २०००च्या सुमारास कारखाना बंद पडला. नंतर तो पुन्हा उभा राहिला. २०१९ साली जपानच्या कावासाकीने त्यात भागीदारी घेतली. पण धडा कडू होता. देह घडवणाऱ्याला हृदय घडवता येईलच असे नाही.

ताम्बुरिनी तोवर बिमोता सोडून गेले होते. १९९४ सालची दुकातीची ९१६ ही गाडी त्यांच्या हातची. लाल, अंग चोरून उभी राहिलेली, पुढे दोन बारीक डोळे. हिचे सायलेन्सर खाली बाजूला नाहीत. ते मागे सीटखाली आहेत. कारण वळणावर गाडी आडवी होते तेव्हा खाली काही घासू नये, आणि वाऱ्यात काही आडवे येऊ नये. हिचे मागचे चाक एकाच बाजूने धरलेले आहे. आठवली का वेस्पा? दास्कानिओंनी पंक्चरसाठी केलेली सोय येथे मागच्या चाकाला, शर्यतीत चाक झटपट बदलण्यासाठी आली. या गाडीने आल्याआल्या, १९९४ आणि लागोपाठ १९९५ साली, कार्ल फोगार्टीला सुपरबाइक शर्यतींचे जगज्जेतेपद मिळवून दिले. १९९८ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात मोटारसायकलींचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा चित्रे-शिल्पे ठेवायच्या जागी ९१६ जाऊन बसली.

आणि येथूनच एक नवल घडले. जगभर गाड्या करणाऱ्यांनी सायलेन्सर सीटखाली न्यायला सुरुवात केली. शर्यतीशी ज्यांचा काडीचा संबंध नाही अशा गाड्यांनीही! स्वाराच्या बुडाला चटके बसतात, वजन उंचावर जाते, पण ते दिसते छान. दुकातीवरही हा डाव उलटला. २००३ साली ९१६च्या घराण्यात पुढची ९९९ आली. तिचे मागचे चाक पुन्हा नेहमीसारखे दोन्ही बाजूंनी धरले होते. तिनेही जगज्जेतेपदे मिळवली. पण गिऱ्हाईक नाराज. त्यांना एका बाजूने धरलेले चाकच हवे होते. कशासाठी? त्यांच्यापैकी किती जण भर शर्यतीत चाक बदलणार होते? कोणीच नाही. शेवटी २००७च्या नव्या गाडीत कारखान्याने ते परत आणले. आणि पाहा काळाची गंमत, २०२४ साली कारखान्याने आपली नवी मोठी गाडी जाहीर केली तेव्हा पुन्हा दोन्ही बाजूंनी धरणारा, पण पोकळ आणि हलका आर्म तिला लावला. कारण पुन्हा कामाचेच, म्हणजे वजन आणि वळणावरची पकड. आज सोय, उद्या दागिना, परवा अडचण! दागिना आणि अवजार यांतला हा झगडा असा चालूच राहतो.

काढून टाकण्याची कलाही इटलीनेच शिकवली. १९९२ साली मिगेल गालुत्सी यांनी दुकातीसाठी मॉन्स्टर नावाची गाडी आखली. त्या वेळी सगळ्या वेगवान गाड्या प्लॅस्टिकच्या टोपणांनी झाकलेल्या असत. गालुत्सींनी टोपणच घातले नाही. सांगाडा कारखान्यातल्या एका गाडीचा घेतला, इंजिन दुसरीचे घेतले. दोन्ही उघडी ठेवली. पण उघडी ठेवायची म्हणजे आतले सगळे पाहण्याजोगे असावे लागते. सांगाड्याच्या नळ्या पुलाच्या कैच्यांसारख्या त्रिकोणांत जोडलेल्या, प्रत्येक नळी ओझे वाहणारी. झाकायला काही नव्हते, म्हणून लपवायलाही काही नव्हते. २०१५पर्यंत तीन लाख मॉन्स्टर तयार झाल्या. आणि लोकांनी आपापल्या आवडीने सर्वांत जास्त बदल केलेल्या इटालियन गाड्यांत तिची गणना होते.

ताम्बुरिनींची शेवटची मोठी कृती एमव्ही आगुस्ताची एफ-चार. ती १९९७ साली लोकांपुढे आली. भारतात ती २०१६ साली आणली आपल्या नगरच्या कायनेटिक उद्योगाने. २०१४ साली ताम्बुरिनी वारले. बरगड्या मोडलेल्या त्या माणसाने चाळीस वर्षे एकच काम केले. गाडी कोठे दुखते ते पाहिले आणि दुखते तेथे हात घातला.

आता माझ्या विद्यार्थ्याचे उत्तर. गाडीच्या सांगाड्याचे शेपूट हे शोभेचे नसते. मागे बसणाऱ्याचे वजन त्यावर येते, मागच्या शॉकअपची वरची टोके तेथेच टेकतात, आणि डावी-उजवी बाजू एकमेकीला धरून राहतात तीही त्या शेपटामुळे. लांब काठीच्या टोकाला ओझे बांधले की मुठीपाशी केवढा जोर येतो, ते आठवीच्या पोरालाही ठाऊक आहे. तोच जोर कापून जोडलेल्या जागी आला. त्यात वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाशेजारचे लोखंड बदलते. जोड टिकला तरी शेजारी तडा जातो. ताम्बुरिनींच्या नळ्या कोणत्या पोलादाच्या, किती जाडीच्या, कोणत्या कोनात, हे मोजून ठरलेले होते. आमच्या पोराच्या नळीचे एकच माप होते, ते म्हणजे चित्रात कशी दिसते. आपल्याकडे १९८८च्या मोटार वाहन कायद्याने गाडीच्या मूळ बांधणीत असा फेरबदल करायला मनाई आहे. ती पोरांच्या हौसेवर राग म्हणून नव्हे. मागच्या सीटवर बहुधा कोणाची तरी आई असते.

शिक्षक बंधुभगिनींनो, याचा एक सोपा पाठ करता येतो. वर्गापुढे एक साधी सायकल उभी करा. मुलांना सांगा, हिचा एकेक भाग पाहा आणि तो असाच का, ते लिहा. पुढचा चिमटा शेवटी पुढे का वाकला आहे? सांगाड्यात त्रिकोण का आहेत? मडगार्ड एवढेच का? मग विचारा, कोणता भाग काढला तर चालेल, आणि काढल्यावर त्याचे काम कोण करील? ज्या मुलाला या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर येईल, त्याच्या हातात हवे तर करवत द्या.

माझ्या त्या विद्यार्थ्याला मी हाच अभ्यास दिला. त्याने आपल्याच गाडीवर केला. महिन्याभराने चार पाने लिहून घेऊन आला. अक्षर वाईट, शुद्धलेखन त्याहून वाईट. पण चौतीस भागांची चौतीस कारणे. गाडीला मूळचा सांगाडा बसवून घेतला होता. मडगार्डही परत लावले होते. मी म्हटले, “अरे, मग तुझी झोकदार गाडी गेली की!”

तो म्हणाला, “गेली, सर. पण आता आई मागे बसते.”